घोंगडी शिकवणाऱ्या हातांना

गोकाकजवळच्या डोंगरात लोकरकाम शिकवलंत, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं नकोत म्हणालात, म्हणून नुसती कामं सांगते.

कातरणाऱ्या मामांनी मेंढी न बिथरवता मांडीशी कशी धरायची ते दाखवलं. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ. म्हणून तर तिची घोंगडी पावसापाण्यात टिकते. पिंजलेल्या लोकरीचा पेळू, म्हणजे सूत कातायची वळी, माझ्या हाती देऊन आज्जी शेजारी बसल्या. त्या कानडीत बोलायच्या, मी मराठीत. सूत तुटलं की माझं बोट धरून सांधून द्यायच्या, एकदाही चिडल्या नाहीत. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ कशी लावायची, कुंचा कसा फिरवायचा, उन्हात किती वाळवून मागावर चढवायचं, हे विणकर काकांनी हातचं न राखता शिकवलं. आज या लोकरीला भाव नाही, कित्येकदा कातरणीची मजुरीही निघत नाही. तरी तुम्ही हे काम सोडलं नाहीत, याचं मला फार मोल वाटतं.

झुणका-भाकरी पाठवणाऱ्या वहिनी, शेवटची बस गेल्यावर बेळगावपर्यंत सोडणारे दादा, तुमचेही आभार. पुढच्या कातरणीला येतेच आहे. लोकर धुण्याचं काम माझ्यासाठी ठेवा.