‘ओडूं नाका गो बाय’ म्हणणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

माझी उजव्या हाताची तर्जनी शाबूत आहे ती तुमच्यामुळे, हे आधी सांगते. बाकीचं सगळं नंतर.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. तुम्ही शिवोलीचे की पलीकडच्या चोपड्याचे, हेही कळलं नाही. तुम्ही कोकणीत बोलत होता, मी माझ्या डिचोलीच्या मराठीत, आणि दोघांचंही कुठे अडलं नाही. पत्ताच नाही म्हटल्यावर बंद पाकिटात काय घालणार? म्हणून हे उघडं पत्र. होडीत जाळ्याशेजारी जुना स्पार्क प्लग बाळगणारे काका कोणाच्या ओळखीचे असतील, तर त्यांना वाचून दाखवावं.

आठवतंय ना? नरकासुर जाळून झाले होते, घरोघरचे दिवाळीचे पोहे खाऊन झाले होते, त्यानंतरचा रविवार. अमावास्या नुकतीच उलटलेली, त्यामुळे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, भलता जोर. पूल होण्याआधी फेरीबोट जिथे लागायची त्या जुन्या धक्क्यावर मी उभी होते. आपली गोव्याची शापोरा नदी समुद्राकडे धावत सुटली होती आणि मी चोणक माशाच्या आशेने नवा कोरा मिनो, म्हणजे गळ लावलेला नकली मासा, पाण्यात फेकत होते. साडेचारशे रुपयांचा. नवऱ्याला दीडशे सांगितले होते.

मासे गरवणं मला नवीन नाही. लहानपणी डिचोलीच्या नदीवर वेळूची काठी, नायलॉनची दोरी आणि गांडूळ एवढ्यावर आम्ही सगळी सुट्टी काढायचो. गळ अडकला की दोन हिसके द्यायचे, सुटला तर सुटला, नाही तर तुटला. दोन रुपयांचा गळ, कोण रडतंय? पण या वर्षी मी रॉड घेतला, रीळ घेतलं आणि दुकानदाराने त्यावर वेणीची दोरी भरून दिली. ब्रेडेड म्हणतात तिला. घरी मी ‘ब्रेड भरून आणला’ म्हटलं, तर सासूबाईंनी पिशवीत पाव शोधले.

ही दोरी काय चीज आहे, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. केसासारखे बारीक धागे चार-चार, आठ-आठ पदरांत विणलेले. माझी 30 पौंडी, म्हणजे साडेतेरा किलोंचा ताण सोसणारी, पण जाडीला पाव मिलिमीटरही नाही. त्याच ताकदीचं नायलॉन दुप्पट जाड असतं. आणि नायलॉन ताणलं की रबरासारखं लांबतं, ही जवळजवळ लांबतच नाही. मासा लांबवर नुसता हुंगून गेला तरी हाताला कळतं, म्हणून लोक ती वापरतात. पण अडकल्यावर हाच गुण अंगाशी येतो. नायलॉनला दिलेला हिसका निम्मा दोरीतच जिरतो. हिला दिलेला हिसका थेट गळाच्या टोकाला जाऊन पोचतो आणि गळ आणखी आत रुततो.

तर मिनो अडकला. मी हिसका दिला. मग दुसरा. रॉड कमानीसारखा वाकवून आणखी चार. मग रीळ गच्च आवळून गोल गोल फिरवायला लागले. शेवटी रॉड काखेत धरला, दोरी उजव्या हाताला दोन वेढे देऊन गुंडाळली आणि मागे रेलणार, तेवढ्यात तुमची हाक आली.

“ओडूं नाका गो बाय! हात कापतलो!” ओढू नको, हात कापेल.

एवढ्यावर न थांबता तुम्ही होडीतून उतरून चिखलातून आलात आणि माझ्या हाताचे वेढे स्वतः सोडवलेत. तर्जनीवर तोवर बारीक लाल रेघ उमटली होती. तेव्हा दुखलंही नाही, रात्री भात कालवताना झोंबलं. ती रेघ अजून आहे. पूर्ण वजन टाकून रेलले असते तर काय झालं असतं, त्याचा विचार मी करत नाही. तुमच्या डाव्या करंगळीकडे मी पाहिलं होतं, काका. विचारलं नाही.

मला वाटलं, आता हे जाणते हात दोरी घेतील आणि एका झटक्यात मिनो बाहेर काढतील. तुम्ही रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी अडवणारा ब्रेक, सैल केलात आणि धक्क्यावर बसलात. “मात्सें सदळ सोड. तें खंय वचना.” जरा सैल सोड, ते कुठे जात नाही. मग विचारलंत, मी उभी कुठे होते, फेकला कुठे, ओढत कुठून आणला. मला कंटाळा आला होता खरं तर. पण तुमचा मुद्दा साधा होता. गळ ज्या बाजूने ओढत आणला त्याच बाजूला तो फटीत शिरलाय. त्याच बाजूने आणखी ओढणं म्हणजे दार आतून लोटत राहायचं आणि उघडत नाही म्हणून चिडायचं. बाहेर काढायचा तर उलट्या बाजूने ओढ लागली पाहिजे, आणि उलट्या बाजूला तर नदी!

“उदकाक काम करूं दी,” तुम्ही म्हणालात.

रिळाची बेल, म्हणजे दोरी धरून ठेवणारी तारेची कमान, उघडून तुम्ही दहा-बारा हात दोरी सैल सोडलीत. दोरी पाण्यावर तरंगत गेली, सुकतीने तिचा वाकडा फुगा केला आणि तो फुगा अडकल्या जागेच्या पलीकडे, खालच्या अंगाला जाऊन ताणला. आता गळाला ओढ लागत होती ती समुद्राकडून. तुम्ही पाच मिनिटं तसंच बसून राहिलात. मग रॉडच्या टोकाने दोन-चार हलके झटके, मनगटातले. सुटला नाही.

मग आपण काठाकाठाने वरच्या अंगाला तीसेक पावलं चाललो आणि तिथून पुन्हा करून पाहिलं. नाही.

मग ती धनुष्याची गंमत. रॉड थोडा वर, दोरी ताठ, आणि रीळ व पहिली कडी यांच्यामधली दोरी चिमटीत धरून तुम्ही बाजूला खेचलीत आणि फट्‌कन सोडलीत. टण्! लागोपाठ सात-आठ वेळा. त्या धक्क्याची लहर दोरीतून गळापर्यंत जाते आणि दोरी क्षणभर सैल पडली की गळ मागे उडी मारतो. दोरी चिमटीतच धरायची, बोटाला गुंडाळायची नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. आणि तोंड बाजूला! ताणलेली दोरी सुटली की गळासकट माल थेट डोळ्यावर येतो. चष्मा असल्याचा आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

तरी सुटला नाही. इथे मी म्हटलं, जाऊ द्या काका, तोडू या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, “खंय तुटतली?”

कुठे तुटेल? मला काय ठाऊक! हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. मी वेणीची दोरी थेट मिनोला बांधली होती, मध्ये लीडर, म्हणजे टोकाला जोडायचा वेगळ्या दोरीचा तुकडा, नाही, काही नाही. तुम्ही समजावलंत की ही दोरी सरळ ओढायला दणकट असली, तरी दगडावर घासली की नाजूक, आणि त्या धक्क्याच्या दगडांना कालवं चिकटलेली, सुरीसारखी धारदार. म्हणजे ती तुटणार ती घासली गेली असेल तिथे, आणि ती जागा गळापासून हातभर असेल नाही तर वीस हात. उरलेली सगळी दोरी पाण्यात. ती कुजत नाही.

मग मला होडीत बसवलंत. मी रॉड धरून सैल दोरी हळूहळू गुंडाळत होते आणि तुम्ही वल्हवत अडकल्या जागेच्या बरोबर वर आलात. दोरी उभी झाली. तेव्हा तुमच्या डब्यातून तो स्पार्क प्लग निघाला, बाहेरच्या इंजिनाचा, काळा पडलेला, तारेची कडी वळवलेला आणि मागे बारीक दोरा बांधलेला. ती कडी माझ्या दोरीत अडकवून प्लग सोडून दिलात. दोरीवरून घसरत तो खाली गेला आणि मिनोच्या नाकाडावर आपटला. दोऱ्याने थोडा वर, पुन्हा खाली. चौथ्या की पाचव्या ठोक्याला माझा हात एकदम हलका झाला. काठावरून हे नीट जमत नाही, दोरी आडवी असली की प्लग वाटेतच तळाला टेकतो, म्हणून होडी. पुलावरूनही जमतं म्हणालात.

मिनो वर आला, पण एकटा आला नाही. त्याच्या मागच्या गळात हिरव्या दोरीचा गुंताच्या गुंता होता. तुम्ही तो होडीत ओढत राहिलात, ओढत राहिलात, आणि दुसऱ्या टोकाला आला एक रबरी मासा, शेपटीजवळ निळ्या नेलपॉलिशचा ठिपका असलेला. तो ठिपका मीच लावला होता, काका. आधीच्या रविवारी मी तिथेच हिसके देऊन दोरी तोडली होती आणि उरलेली रिळावर गुंडाळून घरी गेले होते. माझाच गळ माझ्याच दोरीत अडकला होता.

तुम्ही हसला असतात तर बरं वाटलं असतं. तुम्ही तो गुंता सोडवून, काठीला गुंडाळून शर्टाच्या खिशात घातलात आणि एवढंच म्हणालात की पावसाआधी असल्याच दोरीत पाय अडकलेला एक पाणकावळा तुम्ही खारफुटीतून सोडवला होता. तो सुटला, दुसरा आधीच मेला होता. नदीच्या मुखाशी पलीकडे मोरजी. तिथे दर हंगामात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कासवांचं नाव तुम्ही काढलं नाही. घरी जाताना गाडीवर ते मलाच आठवलं.

आता अहवाल देते, कारण शिकवलेलं वाया गेलं असं तुम्हाला वाटायला नको. त्याच आठवड्यात मी दोरीच्या टोकाला 20 पौंडी फ्लुरोकार्बनचा दोन हात लीडर बांधला. मुख्य दोरी 30, लीडर 20, म्हणजे तुटायची वेळ आलीच तर मिनोजवळच्या गाठीत तुटावं. दोरी आणि लीडर जोडणारी एफजी गाठ बांधायला शिकताना मी दोन संध्याकाळी आणि एक डाळीचं पातेलं जाळलं. जाड तारेचे तीन टोकांचे गळ काढून बारीक तारेचे एकेरी लावले. ते सावकाश ओढले की सरळ होतात आणि मोकळे येतात. पक्कड घेऊन पुन्हा वाकवता येतात, पण दोनदा वाकवलेला मी टाकून देते. पिशवीत लाटण्याचा तुकडाही असतो. घरी त्याचा पत्ता लागलेला नाही. तोडायचीच झाली तर दोरी त्याला आठ-दहा वेढे द्यायचे, रॉड बाजूला ठेवायचा आणि पाठमोरं न होता सरळ मागे चालायचं, हिसका नाही. रिळाने ओढलं तर दोरी खालच्या थरांत रुतते आणि पुढच्या फेकीला तिथेच अडून जाळं होतं, हे मी माझ्या पैशाने शिकले.

तेव्हापासून नऊ वेळा अडकलं. पाच वेळा नुसत्या सैल दोरीने सुटलं, दोनदा टण् करून. एकदा गळ सरळ होऊन आला. एकदा लीडर तुटला, गाठीतच, आणि दोरी पूर्ण परत आली. साडेचारशेचा मिनो गेला, पण त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडंसं वाटलं.

चोणक अजून लागलेला नाही. दोन तांबोशा लागल्या, त्यातली लहान सोडून दिली.

एक गोष्ट मात्र राहिली. तुमचा स्पार्क प्लग माझ्याकडे आहे. त्या दिवशी उतरताना तो माझ्याच दोरीवर राहिला आणि घरी पिशवी उपसल्यावर सापडला. त्यानंतर तीन रविवार धक्क्यावर येऊन गेले, तुमची होडी दिसली नाही. पागेर, म्हणजे फेकायचं जाळं, मारणाऱ्या एका मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, असे काका इथे दहा आहेत. येत्या पुनवेनंतरच्या रविवारी, सुकती लागायच्या वेळेला, मी तिथे असेन. प्लग रॉकेलने साफ केलाय आणि त्याला नवा दोरा बांधलाय. सोबत सासूबाईंनी तुमच्यासाठी सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, लोणचं दिलंय. त्या विचारतात, पाव कितीचे आणू?

तुमची,
डिचोलीची बाय