जुना संगणक राउटर करण्यापूर्वी

महोदय,

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून ‘जुना संगणक भंगारात देऊ नका, त्याचा राउटर किंवा सर्व्हर करा’ हा सल्ला जागोजागी वाचायला मिळतो. सल्ला चुकीचा नाही. मी स्वतः तो अमलात आणला आहे. पण तो देणारे विजेचा हिशेब सहसा मांडत नाहीत.

राउटर दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. जुना डेस्कटॉप हाताला काम नसतानाही ६० वॅट ओढत असेल, तर वर्षाला सव्वापाचशे युनिट होतात. दहा वॅटचा साधा राउटर तेवढ्याच काळात ८८ युनिटांत भागवतो. फुकटात पडलेले यंत्र अशा रीतीने बिलातून आपली किंमत वसूल करते. म्हणून ओपनसेन्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी यांसारखी संगणकाला राउटर बनवणारी प्रणाली उतरवून घेण्याआधी यंत्र किती वॅट खाते, ते मीटर लावून पाहावे.

वीज वाचवायची तर जुना लॅपटॉप बरा आणि बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावरही तो तग धरतो; मात्र कायम चार्जरला जोडलेली बॅटरी कालांतराने फुगू शकते, म्हणून बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रणालीत, सोय असल्यास चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांच्या आसपास बांधून द्यावी. अडचण अशी की राउटरला दोन नेटवर्क पोर्ट लागतात, एक बाहेरच्या जोडणीसाठी आणि एक घरासाठी, आणि लॅपटॉपला बहुधा एकच असतो. यूएसबीचा जोड लावता येतो, पण चोवीस तासांच्या रहदारीसाठी मला त्याचा भरवसा वाटत नाही. लॅपटॉपचा फाइल सर्व्हर, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली ठेवायची सामाईक जागा, करावा, हे उत्तम.

माझा पहिला प्रयोग डेस्कटॉपवर होता. एका रात्री वीज जाऊन आली, इंटरनेट मात्र आले नाही. माळ्यावरचा मॉनिटर काढून जोडला, तेव्हा पडद्यावर ‘एफ१ दाबा’ एवढाच मजकूर दिसला. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपल्याने बायोस तारीख आणि मांडणी विसरला होता, आणि दाबायला कीबोर्डच नव्हता! नवा सीआर२०३२ सेल घातला आणि वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू व्हावे ही मांडणी करून ठेवली, तेव्हा प्रश्न मिटला. तोवर घरातल्यांचे बरेच ऐकून घ्यावे लागले.

पुढे बिल पाहून मी राउटरचे काम पुन्हा छोट्या डब्याकडे सोपवले. तो डेस्कटॉप आता रात्री दोन वाजता बायोसच्या घड्याळाने जागा होतो, घरातल्या फोटोंची प्रत उतरवून घेतो आणि तासाभरात स्वतःच बंद होतो. यापुढे असे लेख छापताना त्यांत वॅटचा आकडाही असावा, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक