बिल्ला उलटा करून पाहा

संपादक महोदय,

आमच्या मंडळाचे कोटाला लावायचे बिल्ले करून घेण्याचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलं. कार्यकारिणीत सगळ्यांचा एकच प्रश्न : 'नग केवढ्याला?' दर विचारावाच, पण आधी नमुना हातात घ्यावा. संगणकावरचं चित्र काय, सगळेच झकास दाखवतात.

इनॅमल म्हणजे बिल्ल्याच्या धातूत भरलेला रंग. सॉफ्ट इनॅमलमध्ये तो धातूच्या कडांपेक्षा खाली बसतो, बोट फिरवलं की उंचसखलपणा लागतो. हार्ड इनॅमल घासून सपाट करतात, म्हणून ते सहसा महाग. कोटेशनमध्ये नुसतं 'इनॅमल' लिहिलं असेल तर कोणतं ते लेखी मागा. रंगही 'निळा' असा मोघम सांगू नका, पँटोन क्रमांक, म्हणजे रंगछटांच्या प्रमाणित तक्त्यातला क्रमांक, द्या.

मग बिल्ला उलटा करा. रुंद बिल्ल्याला मागे एकच टोचणी असेल तर तो फिरतो आणि बोधचिन्ह भर सभेत शीर्षासन करतं! दोन हव्यात.

साचा कोणाच्या मालकीचा आणि पुढच्या ऑर्डरला त्याचे पैसे पुन्हा पडणार का, या प्रश्नावर जो उत्पादक चाचरतो, त्याला मी यादीतून काढतो.

– एका सांस्कृतिक मंडळाचा कार्यवाह