इंजिन खोलण्याआधीचा हिशेब

चि. मैत्रेयी,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या स्प्लेंडरचं इंजिन करायला किती येईल, एकच आकडा सांग, असं तू फोनवर म्हणालीस. एकच आकडा मी देणार नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये इतकी वर्षं कॉस्टिंग केलं, म्हणजे कामाला किती खर्च येईल ते काढून दिलं. ड्रॉइंग न देता रेट मागणाऱ्या पार्टीलाही कधी दिला नाही. न खोललेलं इंजिन म्हणजे ड्रॉइंग नसलेला जॉबच.

तरी दोन गॅरेजांत विचारून आले. नौपाड्यातल्या माणसाने गाडी चालू करूनही न बघता सांगितलं, "साडेनऊ हजार ताई, सगळं मिळून." उथळसरचा म्हणाला, "हाफ इंजिन निघालं तर सहा हजारांच्या पुढेमागे, फुल निघालं तर अकरा. खोलल्यावर मापं दाखवतो. काम नाही केलंत तर खोलून परत जोडायचे हजार द्या." तुला पहिला स्वस्त आणि सरळ वाटेल. मला दुसरा बरा वाटला. पहिल्याने सगळ्यात वाईट शक्यता धरून तुझ्याकडून आधीच वसूल केलंय, नाहीतर काम अर्ध्यावर आल्यावर त्याचा फोन येणार.

हाफ म्हणजे वरचं काम: हेड आणि त्यातले व्हॉल्व्ह, ब्लॉक, त्यात वरखाली होणारा पिस्टन आणि पिस्टनच्या रिंगा. फुल म्हणजे इंजिन फ्रेमवरून उतरवून केस, म्हणजे खालचं कवच, उघडायची, आतला फिरणारा क्रँक बाहेर काढून कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगं बदलायची. आपलं कोणतं, याचा अंदाज न खोलताही थोडाफार येतो. सकाळी पहिल्या किकला निळसर धूर येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील गेलेत. रेस दिल्यावर, चढावर धूर येत राहिला तर रिंगा आणि बोर, म्हणजे पिस्टन फिरतो ते ब्लॉकमधलं भोक, झिजलेत. स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं प्रेशर, मोजायचं, मग आत थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. प्रेशर वाढलं तर रिंगा गेल्या, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्हकडे संशय. आपल्या गाडीचं वाढलं. खालून ठोके येत नाहीत, म्हणजे रॉड बहुधा शाबूत आहे. बहुधा.

उथळसरची हाफची चिठ्ठी अशी: पिस्टन सेट ८५०, बोरिंग-होनिंग ४००, व्हॉल्व्हची जोडी ४५०, गाइड आणि सीटचं काम ४००, सील ८०, टायमिंग चेन टेन्शनरसकट ६५०, पॅकिंग सेट २५०, ऑइल ४२०, क्लच प्लेट ७५०, मजुरी २,०००. एकूण ६,२५०. क्लच प्लेट मी खोडल्या, राहिले ५,५००. का खोडल्या, ते नीट समजून घे, कारण "आता खोललंच आहे तर" हे वाक्य तू तिथे सारखं ऐकणार आहेस. दर वेळी एकच विचारायचं: हे नंतर बदलायला हेड पुन्हा उघडावं लागेल का? व्हॉल्व्हच्या सीलला लागेल, टायमिंग चेनलाही तिथे पुन्हा हात घालावा लागेल, म्हणून ती कामं आत्ताच. क्लच उजव्या बाजूचं कव्हर काढलं की निघतो, तो घसरायला लागेल तेव्हा बघू. कार्ब्युरेटर आणि चेन-स्प्रॉकेटचंही तसंच.

बोरिंगचा, म्हणजे झिजलेला बोर कापून मोठा करण्याचा, क्रमही लक्षात ठेव. या इंजिनाचा मूळ बोर ५० मिमी. पिस्टन पाव-पाव मिमीने मोठे मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. ब्लॉक आधी मोजायचा, वर, मध्ये आणि खाली. रिंग जिथे वर जाऊन थांबते तिथे झीज जास्त असते. त्या मापावरून पिस्टन आणायचा आणि हातात असलेल्या पिस्टनच्या मापाने बोर करायचा. उलट केलं तर पिस्टन आणि बोरमधला गॅप चुकतो. आधी बोर झालाय का, हे जुन्या पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा सांगेल. तिथे १.०० निघालं तर नवा ब्लॉकच घ्यावा लागेल, आणि हिशेब सात हजारांपलीकडे जाईल.

दुसऱ्या ऑइलचे ४२० मात्र कोणीच चिठ्ठीत लिहीत नाही. नव्या रिंगा बसताना धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो, म्हणून पहिलं ऑइल लवकर काढावं लागतं. पहिले ५०० किमी सांभाळून चालवायची. गाडी हातात आली की कसारा घाटातून थेट नाशिक, हा तुझा बेत रद्द. घोडबंदर रोडच्या कोंडीत तापवायचीही नाही. सकाळी उपवनपर्यंत ने आणि परत ये.

पार्ट आपण काउंटरवरून बिल घेऊन आणू. दुचाकीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, म्हणून पाकिटावर जुनी किंमत छापलेली असेल तर नवी विचारायची. आणि कोणी "तयार इंजिन बसवून देतो, दोन तासांत" म्हणालं तर सरळ नाही म्हण. इंजिन नंबर केसवर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. तो जुळला नाही तर पोलीस, विमा, आरटीओ, सगळीकडे तूच उत्तरं देत बसशील.

आता तुझं काम. पैसे तुझ्या पगारातले आहेत, तेव्हा वरची मर्यादा तू ठरव, आणि खोलण्याआधी ठरव. ट्रेमध्ये उघडं पडलेलं इंजिन बघून माणसाच्या तोंडून नाही निघत नाही, हे गॅरेजवाल्याला ठाऊक असतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. मला विचारशील तर ८,००० म्हणेन. नवा ब्लॉक लागला तरी त्यात बसतं. रॉड गेलेला निघाला तर हजार देऊन जोडून घ्यायची आणि थांबायचं. गाडी २००४ ची आहे. आरसी २०२९ ला पुन्हा नूतनीकरणाला जाईल, तेव्हा वीस वर्षांवरच्या दुचाकीचे २,००० आणि वर पर्यावरण कर. तोपर्यंत ती खरंच चालवणार आहेस का, याचाही विचार कर.

शुक्रवारपर्यंत आकडा कळव, शनिवारी मी गाडी टाकते. जुने पार्ट परत हवेत असं आधीच सांगून ठेवलंय. आजोबांना यातलं काही विचारू नकोस. ते "विकून टाका" म्हणतील आणि मग दोन दिवस कोणाशी बोलणार नाहीत.

तुझी,
आई