सकर मासा नदीत सोडू नका

संपादक महोदय,

फिशटँकमधला सकर मासा मोठा झाला म्हणून तो नदीत सोडायच्या विचारात जे असतील, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. मी स्वतः तसे केले आहे.

मुलाच्या हट्टापायी टँक आणला, तेव्हा दुकानदाराने गोल्डफिशबरोबर दोन इंचांचा एक काळपट ठिपकेवाला मासा दिला. "शेवाळ खातो, काच घासायला नको," एवढेच ते म्हणाले. दिवसभर तो दगडाआड तळाशी चिकटून असे. रात्री पाणी प्यायला उठले की काचेला ओठ लावून सरकताना दिसे. तीन वर्षांत सव्वा फुटाचा झाला, टँकमध्ये त्याला वळता येईना. दुकानदार परत घेईनात. "नदीत सोडा, जगेल," म्हणाले. २०१२ साली बादलीत घालून आम्ही तो मुठा नदीत सोडला. जीव वाचवला म्हणून मुलगा किती खूश झाला होता!

गेल्या फेब्रुवारीत रोहित पक्षी पाहायला उजनी धरणाच्या काठी भिगवणला गेले. काठावर खवल्यांऐवजी हाडांचे चिलखत असलेल्या माशांचा ढीग पडला होता. पाहताक्षणी ओळखले. नाववाले म्हणाले, "ताई, ह्याला गिऱ्हाईकच नाही. काट्यांनी जाळं फाटतं, सोडवताना हात सोलतात. चिलापीपेक्षा हाच जास्त येतो." मुठेचे पाणी मुळेला मिळून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. माझाच मासा तिथवर पोचला असे नाही, पण वाट तीच.

त्या माशाचा यात काही दोष नाही. त्याचे घर ॲमेझॉनच्या खोऱ्यात. तिथे पूर ओसरला की डबक्यांतल्या पाण्यातला प्राणवायू संपत येतो. तेव्हा हा वर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या भिंतीतून ती रक्तात घेतो. म्हणूनच काठावर फेकला तरी कित्येक तास मरत नाही. नर काठाच्या मातीत हातभर खोल बीळ करतो, मादी त्यात अंडी घालते आणि नर ती राखतो. तिथे त्याला खाणाऱ्या केमन मगरी आहेत, पाणमांजरे आहेत, माणसेही आहेत. ब्राझीलमधल्या मनौस शहरात त्याला 'बोदो' म्हणतात आणि चिलखतासकट निखाऱ्यावर भाजतात. तिथल्याच सांतारेमकडे त्याचे मांस सुकवून 'पिराकुई' नावाचे पीठ करतात. आपल्याकडे त्याला खाणारे कोण आहे? मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो धरणात तो शिरला आणि चिलापीवर पोट असलेल्या कोळ्यांच्या जाळ्यांत हाच भरू लागला. बांगलादेशाने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली.

आपल्याकडे निदान दुकानातल्या टाकीवर 'हा मासा दीड फुटापर्यंत वाढतो' अशी पाटी सक्तीची करा. विकणाऱ्याने तो परत घेतलाच पाहिजे, असा नियम करा. हे वाचून माझ्यासारखी एक आई जरी बादली घेऊन घरी परतली तरी मला बरे वाटेल. आणि भिगवणच्या कोळ्यांना जाळ्यात आलेल्या सकरचे किलोमागे काही पैसे सरकारने द्यावेत. आज ती माणसे आपले जाळे, आपला दिवस घालवून आम्हा शहरवाल्यांनी सोडलेले मासे काढत आहेत.

— एक निवृत्त शिक्षिका, पुणे