संरक्षण कारखान्यांचे आराखडे भूमिपूजनाआधी व्हावेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राज्य सरकारने २०२५ मध्ये केंद्राकडे तीन संरक्षण कॉरिडॉरचा, म्हणजे संरक्षण उत्पादनाच्या औद्योगिक पट्ट्यांचा, प्रस्ताव मांडला आणि त्यांत नाशिक-धुळे पट्ट्याचे नाव आले. तेव्हापासून खान्देशात जमिनीचे भाव, मिळू शकणाऱ्या नोकऱ्या आणि येऊ घातलेल्या कंपन्या यांचीच चर्चा चालू आहे. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस लढाऊ विमानांच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले आणि ही चर्चा आणखी वाढली. जळगाव-धुळे परिसरात पस्तीस वर्षे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम केल्यामुळे इथल्या तरुणांना रोजगाराची किती निकड आहे हे मी जवळून पाहिले आहे आणि हे कारखाने यावेत अशी माझीही मनापासून इच्छा आहे. परंतु या कारखान्यांच्या इमारतींचे आराखडे कोण करणार, केव्हा करणार आणि कोणत्या निकषांवर करणार, हा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला माझ्या वाचनात नाही. म्हणून हे पत्र.

संरक्षण उत्पादन आपल्याला नवे नाही. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची आणि वरणगावची १९६४ ची. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा भुसावळ यंत्र इंडियाकडे आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेली. दोन-तीन पिढ्यांची घरे या नोकऱ्यांवर उभी राहिली. तरीही अशा कारखान्यांभोवतीच्या मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवून ‘एवढी जागा पडीक कशाला ठेवली आहे’ असे विचारणारे सुशिक्षित लोक मला आजही भेटतात.

ती जागा पडीक नसते. स्फोटक पदार्थ जिथे हाताळले किंवा साठवले जातात, त्या इमारतीपासून दुसरी इमारत, रस्ता आणि लोकवस्ती किती दूर असावी याचे ठरलेले गणित आहे. साधारणतः हे अंतर स्फोटकाच्या वजनाच्या घनमूळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वजन आठपट झाले तर अंतर दुप्पट लागते. आठ टन माल एकाच इमारतीत ठेवण्याऐवजी एकेक टनाच्या आठ इमारती केल्या, तर प्रत्येकीपासून वस्तीचे अंतर निम्मे पुरते. मात्र एका ठिकाणचा स्फोट दुसरीकडे पोहोचू नये म्हणून त्या आठ इमारतींमध्ये पुरेसे अंतर आणि मातीचे उंच बांध, ज्यांना कामगार ट्रॅव्हर्स म्हणतात, ते ठेवावे लागतात. जमीन किती घ्यायची, कोणती प्रक्रिया कुठल्या कोपऱ्यात न्यायची, मालाची ने-आण कोणत्या रस्त्याने करायची आणि एका खोलीत एका वेळी किती माणसे उभी राहतील, हे सगळे या गणितातून निघते. ते आधी मांडले नाही आणि घाईघाईने मिळालेल्या भूखंडावर नंतर इमारती बसवायला गेले, तर नियम कागदावर पाळलेले दिसतात आणि प्रत्यक्षात जागेची ओढाताण होते.

इमारतीची रचनाही नेहमीच्या शेडसारखी नसते. स्फोटकांवर प्रक्रिया करणाऱ्या खोलीला पुष्कळदा तीन बाजूंनी जाड काँक्रीटच्या भिंती देतात. चौथी बाजू आणि छप्पर मुद्दाम हलके ठेवतात, म्हणजे दुर्दैवाने स्फोट झालाच तर त्याचा दाब निर्मनुष्य बाजूला निघून जातो. दारे बाहेरच उघडणारी असतात. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी होते की सुती नसलेल्या कपड्यातूनही ठिणगी उडते. म्हणून जमीन स्थिर विद्युत वाहून नेणारी करावी लागते, हवेतील आर्द्रता राखावी लागते आणि वळवाच्या विजांसाठी वेगळी यंत्रणा लागते. साठवणीचे कोठार मात्र मातीने झाकलेले चालते. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांवर वाढलेल्या माणसाला जड मातीचे छत म्हणजे गारवा आणि मजबुती असे वाटणे स्वाभाविक आहे, पण माणसे काम करतात त्या प्रक्रिया-खोलीवर जड छत म्हणजे डोक्यावर टांगलेला धोका असतो.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला, छत कोसळले, कामगार ढिगाऱ्याखाली अडकले आणि किमान आठ जणांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेच्या कारणांबद्दल मी येथे काही म्हणत नाही. ते चौकशीचे काम आहे. परंतु छत कोसळल्याची बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण भिंत किती जाड असावी आणि छप्पर किती हलके असावे हे कुठल्यातरी टेबलावर, आमच्यासारख्याच माणसाच्या हाताने ठरत असते.

दुसरे उदाहरण देहूरोडचे. तेथील दारूगोळा डेपोभोवती २००० यार्डांचा रेड झोन, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, आहे आणि त्यात घरे बांधून बसलेली हजारो कुटुंबे वर्षानुवर्षे टांगणीला लागली आहेत. त्यांना बांधकामाची परवानगी मिळत नाही आणि घर विकायचे तरी कसे, हा प्रश्न सुटत नाही. १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली निर्बंध घालता येतात, पण वस्ती झाल्यावर घातलेला निर्बंध लष्कराच्याही कामाचा नसतो आणि रहिवाशाच्याही. धुळे, नरडाणा किंवा भुसावळ परिसरात उद्या असा एखादा प्रकल्प ठरला, तर त्याची सुरक्षा-अंतरे भूसंपादनाच्या अधिसूचनेबरोबरच विकास आराखड्यात आणि गावनकाशावर उमटली पाहिजेत. ज्या शेतकऱ्याची जमीन त्या पट्ट्यात राहील, त्याला पुढे तेथे प्लॉट पाडता येणार नाहीत, हे त्याला आजच कळले पाहिजे आणि त्याचा मोबदलाही त्या हिशेबाने ठरला पाहिजे. ही गोष्ट लपवून गोड बोलणारे दलाल पुष्कळ निघतील.

आता विमानांकडे वळतो. विमानाचे सुटे भाग मोजण्याचे जगन्मान्य प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. ॲल्युमिनियमचा एक मीटर लांबीचा भाग तापमान एका अंशाने वाढले की सुमारे २३ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबतो. जळगाव-भुसावळात मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. कार्यशाळेच्या आत चाळीस अंश धरले, तरी त्या एक मीटरच्या भागात जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, आणि जिथे शतांश मिलिमीटरचा हिशेब आहे तिथे तो भाग नापास होतो. म्हणजे छपराचा उष्णतारोधक थर, भिंतींची दिशा, वातानुकूलन आणि वीज गेल्यावरची पर्यायी व्यवस्था हा मालाच्या दर्जाचाच भाग झाला. राळ आधीच मुरवलेली कार्बन फायबरची कापडे तर उणे अठरा अंशांच्या आसपास साठवावी लागतात; आपल्याकडची वीज कशी जाते-येते हे वाचकांना सांगायला नको.

हँगरची, म्हणजे विमान ठेवण्याच्या शेडची, गोष्ट वेगळी. आत एकही खांब न ठेवता रुंद छप्पर उभारायचे आणि एक अख्खी बाजू दाराला द्यायची. ते दार उघडे असताना वारा आत शिरला की छपराला खालून उचलतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागा वळवाच्या वादळात एका रात्रीत कशा आडव्या होतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा हिशेब फार समजावावा लागणार नाही. उड्डाण प्रशिक्षणासाठी २०२१ मध्ये निवडलेल्या विमानतळांत जळगावचे नाव होते, आणि धुळे व शिरपूर येथेही वैमानिक घडतात. त्यामुळे लहान हँगरांची कामे इथे निघतच राहतील.

या सगळ्याच्या खाली आपली जमीन आहे. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. धुळे-नंदुरबार भागात काळ्या दगडाच्या उभ्या भिंती जमिनीत लांबवर गेलेल्या आहेत. एका बोअरला कठीण खडक लागतो आणि तेथून थोड्याच अंतरावर मऊ मुरूम. सातपुड्यात १४ मार्च १९३८ रोजी सहापेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता, हेही आपण विसरतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका उद्योजकाने तयार शेड उभारून, साध्या कोब्यावर परदेशी मशीन बसवले. पहिल्याच पावसाळ्यात जमीन उचलली गेली आणि मशीनची पातळी बिघडली. मला बोलावले तेव्हा कोबा फोडून, काळी माती खोलवर काढून, मुरमाचा भराव दाबून आणि मशीनसाठी शेडच्या पायापासून वेगळा पाया घालून ते काम निस्तरावे लागले. जमिनीची तपासणी आधी केली असती तर जेवढा खर्च आला असता, त्याच्या कित्येक पट पैसा आणि चार महिने त्यात गेले. तो मनुष्य निष्काळजी नव्हता. त्याला आराखडा म्हणजे परवानगीसाठी जोडायचा नकाशा एवढेच कोणीतरी सांगितले होते.

हीच समजूत सरकारी निविदांतही दिसते आणि मला तिचे खरे दुःख आहे. सल्लागार निवडताना सर्वांत कमी दर भरणारा, म्हणजे एल-१, त्याला काम दिले जाते. एकूण प्रकल्पाच्या खर्चात आराखड्याचा वाटा लहान असतो, आणि कात्री मात्र तेथेच आधी लागते. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत गुणवत्ता आणि दर दोन्ही तोलून सल्लागार निवडण्याची पद्धत आहे. स्फोटके, क्षेपणास्त्रांचे भाग किंवा विमानदुरुस्ती यांच्या इमारतींसाठी तीच पद्धत सक्तीची करावी, आणि आराखड्याची तपासणी दुसऱ्या स्वतंत्र अभियंत्याकडून करून घ्यावी.

गुप्ततेचा प्रश्न मला मान्य आहे; कुठल्या खोलीत काय बनते हे जाहीर होऊ नये. पण सुरक्षा-अंतराची बाह्य हद्द, पाण्याचा आणि आगीच्या बंबांचा मार्ग आणि आजूबाजूच्या गावांनी आणीबाणीत कुठे जायचे, हे ग्रामपंचायतीला ठाऊक असण्याने कोणाचे गुपित फुटत नाही.

जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरी आणि शिरपूरची महाविद्यालये येथून दरवर्षी स्थापत्य अभियंते बाहेर पडतात. स्फोटरोधक बांधकामाचे भारतीय मानक, क्रमांक ४९९१, १९६८ पासून आहे. माझ्याकडे कामाला आलेल्या मुलांपैकी एकानेही ते उघडून पाहिलेले नव्हते. दोष मुलांचा नाही. निदान एक ऐच्छिक विषय, आणि आयुध निर्माण्यांतून निवृत्त झालेल्या अभियंत्यांची व्याख्याने, एवढी सुरुवात पुढच्या सत्रापासून करता येईल, कारण ही माणसे भुसावळ आणि वरणगावातच राहतात. नाहीतर नकाशे मुंबई-बंगळुरूहून येतील आणि आपल्या मुलांच्या वाट्याला साइटवरची हजेरी घेणे येईल.

धुळे आणि जळगावच्या लोकप्रतिनिधींना माझी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे की, कॉरिडॉरसाठी जागा सुचवताना त्या प्रत्येक जागेचा माती-तपासणीचा अहवाल आणि सुरक्षा-अंतरांचा प्राथमिक नकाशा त्यांनी मागून घ्यावा, आणि तो हाती आल्याशिवाय भूमिपूजनाची तारीख देऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर
भुसावळ, जि. जळगाव