किडनीचा चहा आणि अप्पांचा काढा

ती. आई आणि अप्पा,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, वजनही तेवढंच आहे. व्हिडिओ कॉलवर चेहरा उतरलेला दिसतो तो खोलीतल्या दिव्यामुळे.

अप्पांचा रिपोर्ट पाहिला. क्रिएटिनिन 1.8, ईजीएफआर (म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) 41, म्हणजे किडनी कमजोर झालीय. घाबरू नका, पण पुनर्नव्याचा काढा आजपासून बंद. "तिकडे जाऊन हिला आपली औषधं खोटी वाटायला लागली" असं अप्पा म्हणणार. तसं नाही हो. पुनर्नव्याने लघवी वाढते, पण लघवी वाढली म्हणजे किडनी सुधारली असं नसतं. त्या झाडात पोटॅशियम भरपूर असतं. दहा ग्रॅम भरड 160 मिली पाण्यात उकळून 40 मिलीवर आणली की पाणी उडून जातं, पोटॅशियम काढ्यातच राहतं. धडधाकट किडनी ते बाहेर टाकते. अप्पांची तेवढं टाकू शकत नाही, आणि रोजची रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टनही पोटॅशियम अंगात धरून ठेवते. ते वाढलं तरी बरेचदा काही जाणवत नाही, एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून बंद करायचा तो काढा. गोळी नाही!

भरड नक्की कशाची आहे तेही बघा. पुनर्नवा म्हणून वसू हे दुसरंच झाड गळ्यात मारतात, आणि वाळून भरडल्यावर कुणालाच ओळखू येत नाही. ओलं झाड मिळालं तर फुलं पाहा. खऱ्या पुनर्नव्याची बारीक गुलाबी-जांभळी फुलं लांब देठांवर येतात आणि फळं बोटांना चिकटतात. वसूचं फूल एकेकटं, पानाच्या बेचक्यात, देठ जवळजवळ नसतोच. वसूत ऑक्झलेट पुष्कळ, म्हणजे आईच्या मुतखड्याला खतपाणी.

इथे जर्मनीत एक गोष्ट मला अजून उमगलेली नाही. औषधाच्या दुकानात, गोळ्यांच्या शेजारीच, 'निअरनटे' मिळतो, म्हणजे शब्दशः किडनीचा चहा. बर्चची पानं, गोल्डनरॉड, हॉर्सटेल असला पाला. दोन-तीन ग्रॅम पाल्यावर 150 मिली उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, गाळून प्यायचं, असं दिवसातून तीन-चारदा. झाकण का, तर वाफेबरोबर सुगंधी तेल जाऊ नये. शिवाय दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, कारण मूत्रमार्ग धुऊन निघणं एवढंच या चहाचं काम. आणि आतल्या कागदावर काय छापलेलं असतं? हृदय किंवा किडनी कमजोर झाल्याने सूज असेल तर घेऊ नये! नाव किडनीचा चहा, आणि किडनी बिघडलेल्यालाच मनाई. लोक तो कागद खरंच वाचतात, दुकानदारही देताना आधी आजार विचारतो.

ईश्वरी (सापसण) घरात असेल तर फेकून द्या. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने किडनी कायमची जाते, मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. बेल्जियममध्ये 1990 च्या सुमारास वजन उतरवायच्या गोळ्यांमध्ये चुकून तिच्याच जातीची मुळी गेली होती, कितीतरी बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. अप्पांनी करमळाची (स्टार फ्रूटची) फोडसुद्धा खायची नाही. किडनी कमजोर असेल तर तिने न थांबणारी उचकी लागते, पुढे भ्रम होतो.

आई, तुझा खडा 4 मिमीचा आहे. एवढा बहुधा आपणच पडतो. दिवसाची लघवी दोन-अडीच लिटर होईल इतकं पाणी पी. कुळथाचं कढण चालेल, फक्त तेच पाणी अप्पांना देऊ नकोस. पाषाणभेदाच्या नावाखाली पानफुटी देतात, तीही नको.

या आठवड्यात अप्पांचं पोटॅशियम तपासा, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. त्यासाठी 20 हजार पाठवलेत. तेवढ्यात भागेल ना? गेल्या महिन्यात उशीर झाला, ते मनाला लागून आहे. स्थळाचं पत्र वाचलं. नाही म्हणत नाही, पण मार्चआधी येणं जमत नाही, तोवर त्यांना थांबायला सांगा. ताईच्या साखरपुड्यालाही मी नसेन, हे तिला मीच फोन करून सांगते, तुम्ही सांगू नका.

भरडीच्या पिशवीवरच्या लेबलाचा फोटो मात्र आजच पाठवा, दोन्ही बाजूंचा.

तुमची,
छोटी